खाचकार : आर्मेनियातील क्रूसशिला

खाचकार ही आर्मेनियाच्या मध्ययुगीन शिल्पकलेची सर्वांत स्वतंत्र निर्मिती होय. उभ्या, बहुधा दीड मीटरभर उंचीच्या पाषाणफलकाच्या दर्शनी बाजूवर मोठा क्रूस, त्याच्या पायथ्यातून दोन्ही अंगांनी वर फुटलेली पाने, खाली चक्राकार पदक आणि भोवती द्राक्षघोस, डाळिंबे व एकमेकींत गुंफलेल्या पट्ट्यांची चौकट, असा तिचा ढोबळ साचा आहे. आर्मेनियात असे पन्नास हजारांहून अधिक दगड असल्याचे युनेस्कोच्या नोंदीत म्हटले आहे, आणि त्यांत एकासारखा दुसरा नाही. २०१० साली युनेस्कोने ही कला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत घेतली. हा सन्मान योग्यच होता. पण कोरण्याचे कसब टिकले म्हणजे खाचकारांचा वारसा टिकला, असा समज त्यातून सहज होतो, आणि तो चुकीचा आहे. खाचकार हे शोभेचे शिल्प असण्याआधी एक दस्तऐवज आहे. कोणीतरी, अमुक वर्षी, अमुक जागी, स्वतःच्या किंवा आप्ताच्या आत्म्यासाठी येणाऱ्याजाणाऱ्याकडे प्रार्थना मागितलेली असते. दगड, त्यावरचे नाव आणि तो उभा असलेली जागा या तिन्हींचा मिळून हा वारसा होतो. त्यांतले एक गेले तर उरलेल्या दोहोंनी त्याची भरपाई होत नाही.

उत्पत्तीचा इतिहास याच बाजूने बोलतो. आर्मेनियाने परंपरेनुसार ३०१ साली ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारला. चौथ्या ते सातव्या शतकांत तिथे चौकोनी स्तंभ उभारले जात. त्यांच्या बाजूंवर संतांच्या आणि दात्यांच्या आकृती असत. त्याहून कितीतरी जुने म्हणजे डोंगरी कुरणांतले विशाप, मासा किंवा बैलाचे कातडे कोरलेले प्रागैतिहासिक प्रचंड दगड. त्यांतल्या काहींवर पुढे क्रूस कोरले गेले. म्हणून खाचकार हे जुन्याच शिलापूजेचे ख्रिस्ती रूप आहे, असे मांडले जाते. उभा दगड पूज्य मानण्याची सवय जुनी होती, एवढे त्यातून नक्की दिसते. परंतु खाचकार घडले ते नवव्या शतकात, अरब सत्तेची पकड सैल होऊन बाग्रातुनी घराणे वर येत असताना. आणि ज्यावर वर्ष आहे असा सर्वांत जुना खाचकार हा नेमका लेख असलेला दगड आहे. गार्नी इथे अशोत पहिला बाग्रातुनी याची पत्नी कात्रानिदे हिने तो आत्म्याच्या उद्धारासाठी उभारला. आर्मेनियन कालगणनेतले ३२८ हे त्याचे वर्ष. त्यात ५५१ मिळवले की इसवी सन ८७९ येतो. जुन्या स्तंभांवरचा मनुष्याकार इथे मागे पडला आणि त्याची जागा नावाने, वर्षाने व मागणीने घेतली. परंपरेचे सातत्य मान्य करूनही हा बदल मोठा आहे.

पुढच्या शतकांत खाचकार कशाकशासाठी उभारले गेले ते पाहिले की त्याचे दस्तऐवजी स्वरूप आणखी स्पष्ट होते. थडगे हा त्यांतला एक प्रकार, आणि सुरुवातीच्या काळात तर तो प्रमुखही नव्हता. गाव वसले, पूल बांधून झाला, लढाई जिंकली, मठाला जमीन दिली, अशा निमित्तांनी दगड उभा राही आणि कोणी, कोणाच्या काळात, काय केले हे त्यावर किंवा त्याच्या पाठीवर लिहिले जाई. आत्म्याच्या तारणाची इच्छा आणि वाचणाऱ्याने प्रार्थनेत आठवण काढावी ही विनंती तर पुन्हा पुन्हा येते. दगडाची कोरीव बाजू पश्चिमेकडे ठेवतात, म्हणजे त्यापुढे उभा राहणारा आपोआप पूर्वेकडे, ख्रिस्ताचे पुनरागमन जिथून अपेक्षित आहे त्या दिशेकडे तोंड करतो. कोरून झालेला दगड नुसता बसवून भागत नसे. धर्मगुरू विधिपूर्वक त्याला पवित्र तेलाचा अभिषेक करीत, आणि त्यानंतरच तो संरक्षणाचे, आरोग्याचे व मध्यस्थीचे सामर्थ्य असलेला मानला जाई. क्रूसाच्या तळातून फुटणारी पाने क्रूसाला जीवनवृक्ष करतात. मृत्यूच्या साधनातून जीवन उगवते, हा त्या पानांचा अर्थ आहे, आणि मृतासाठी प्रार्थना मागणाऱ्या लेखाशेजारी तो अगदी चपखल बसतो.

यावर कलेतिहासाच्या बाजूने एक आक्षेप येतो. बाराव्या ते चौदाव्या शतकांतले उत्तम खाचकार पाहताना लेखाकडे लक्षही जात नाही. डोळा गुंततो तो कोरीवकामात, मग त्याला दस्तऐवज म्हणणे हा कलेवर अन्याय नव्हे काय? त्या काळातले काम खरोखर थक्क करणारे आहे. गोशावांक मठातला पोघोस या पाथरवटाचा १२९१ चा खाचकार इतक्या बारीक जाळीचा आहे की नक्षी एकावर एक थरांत तरंगते असे वाटते. गेघार्द इथे १२१३ साली, बहुधा तिमोत आणि मखितार यांनी, कोरलेला दगड आहे. हाघपात इथला १२७३ चा खाचकार मात्र साचा मोडतो: त्यावर क्रूसावरचा ख्रिस्त आणि शोक करणारी माणसे आहेत. अशा तारणहार खाचकारांची संख्या थोडी असली, तरी आर्मेनियन चर्चला आकृतीच निषिद्ध होती हे सोपे स्पष्टीकरण त्यांच्यापुढे टिकत नाही. बाकी असंख्य दगडांवर रिता, पालवलेला क्रूस आहे तो निवडीने आहे. या पाथरवटांनी आपली नावे दगडावर ठेवली, हेही ध्यानात घ्यावे. नोरावांकचा मोमिक हा स्थपती, शिल्पकार आणि हस्तलिखितांचा चित्रकार असा तिहेरी कसबाचा माणूस होता. आर्मेनियन हस्तलिखितांच्या शेवटी लेखनिक आपले नाव, वर्ष आणि 'मला प्रार्थनेत आठवा' अशा अर्थाची विनंती लिहून ठेवीत. पोथीची ती समाप्ती आणि खाचकाराचा लेख हे एकाच वृत्तीचे आहेत, आणि मोमिकसारख्याच्या हातात दोन्ही कामे असावीत यात नवल नाही. सौंदर्य इथे मागणीच्या सेवेला लावलेले आहे: दगड जितका देखणा, तितके लोक त्यापुढे थांबणार.

साधनांविषयी थोडक्यात. स्थानिक टफ हा ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला मऊसर दगड किंवा त्याहून कितीतरी कठीण बेसॉल्ट वापरतात. छिन्नी, अणकुचीदार टोचे आणि हातोडा यांनी कोरून बारीक वाळूने घासतात, लहान खड्डे माती किंवा चुन्याने बुजवतात आणि मग रंग देतात. हे कसब घराण्यात बापाकडून मुलाकडे किंवा उस्तादाकडून शागिर्दाकडे जाते. चौदाव्या शतकाअखेर तैमूरच्या स्वाऱ्यांनी ही परंपरा जवळजवळ खंडित झाली आणि सोळाव्या शतकात पुन्हा जोमाने उभी राहिली.

त्या दुसऱ्या बहराचे सर्वांत मोठे केंद्र म्हणजे अराक्स नदीकाठचे जुल्फा, आज अझरबैजानच्या नाखिचेवान प्रांतात. रेशमाच्या व्यापारावर श्रीमंत झालेल्या या नगराच्या दफनभूमीत उंच, अरुंद, कमानीच्या कोनाड्यात क्रूस बसवलेले खाचकार टेकड्यांवर दाटीने उभे होते. १६०४-०५ मध्ये इराणच्या शाह अब्बासने तिथली सारी वस्ती इस्फाहानला हलवली. तिथे नव-जुल्फा वसले, आणि त्याच्या व्यापाऱ्यांचे जाळे पुढे सुरत, आग्रा, मद्रास आणि मुंबईपर्यंत पोचले. मुंबईच्या फोर्ट भागातले १७९६ चे आर्मेनियन चर्च त्याच प्रवाहातले. मूळ गावी माणसे उरली नाहीत, पण दगड उरले. १६४८ साली तिथून गेलेल्या अलेक्झांडर द रोद या जेझुइटाने दहा हजार शिलांचा अंदाज नोंदवला. विसाव्या शतकाच्या आरंभी लोहमार्गाच्या कामात बरेच दगड गेले. १९७० च्या दशकात आर्गाम आयवाझ्यान यांनी मोजणी केली तेव्हा २,७०७ शिल्लक होते. १९९८ आणि २००२ मध्ये तोडफोड झाली आणि डिसेंबर २००५ मध्ये उरलेले सर्व दगड सैनिकांनी घणांनी फोडून नदीत टाकले. पलीकडच्या इराणी काठावरून त्याचे चित्रीकरण झाले. अझरबैजानने हे नाकारले आणि २००६ मध्ये युरोपीय संसदेच्या शिष्टमंडळाला तिथे जाऊ दिले नाही. अमेरिकन विज्ञान संवर्धन संघटनेने २००३ व २००९ ची उपग्रहचित्रे ताडून पाहून दफनभूमी नष्ट झाल्याचा निष्कर्ष काढला. कॉर्नेल व पर्ड्यू विद्यापीठांतल्या संशोधकांच्या कॉकेशस हेरिटेज वॉचने २०२२ मध्ये नाखिचेवानमधल्या तपासलेल्या ११० आर्मेनियन स्थळांपैकी १०८ पूर्णपणे नाहीशी झाल्याचे दाखवले. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, आर्मेनियन सांस्कृतिक वारशाची नासधूस रोखावी आणि ती करणाऱ्यांना शिक्षा करावी, असा अंतरिम आदेश अझरबैजानला दिला होता.

जुल्फाच्या संदर्भात तीन हरकती घेतल्या जातात. पहिली अशी की हे दगड आर्मेनियन नसून कॉकेशसमधल्या प्राचीन अल्बानियन ख्रिस्ती लोकांचे आहेत. गुंफलेल्या पट्ट्यांची नक्षी आणि टोकदार कमान त्या सबंध प्रदेशात, मुस्लिम वास्तूंतही, आढळते. तेव्हा केवळ नक्षीवरून मालकी ठरवू नये हे बरोबर आहे. पण लेख आर्मेनियन भाषेत, आर्मेनियन लिपीत, आर्मेनियन कालगणनेतल्या वर्षांसह आहेत, आणि नक्षी जिथे साक्ष देऊ शकत नाही तिथे ते देतात. दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. आर्मेनियन लोकांनीही जुने खाचकार हलवले, चर्चच्या भिंतींत चिणले, बांधकामात वापरले. मग जागेची एवढी महती कशाला? भिंतीत बसवलेल्या दगडाची मूळ जागा जाते, हे खरे, आणि इतिहासाच्या दृष्टीने तो तोटाच आहे. मात्र त्याचे तोंड उघडे राहते, लेख वाचता येतो आणि जो वाचतो तो त्याच प्रार्थनेच्या परंपरेतला असतो. मागणी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेली, ऐकणारा मात्र उरला. जुल्फात नाव, जागा आणि दगड तिन्ही एकदम गेले. हा फरक प्रमाणाचा नसून जातीचा आहे.

तिसरी हरकत ही की पाथरवट अजून आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कला पुन्हा बहरली. १९१५ च्या वंशसंहाराची स्मारके म्हणून जगभरच्या आर्मेनियन वस्त्यांत नवे खाचकार उभे राहिले, आणि जुल्फाच्या दगडांच्या प्रतिकृतीही झाल्या. हे कौतुकास्पद आहे आणि दुःखाला दिलेले उचित उत्तरही आहे. पण नव्या खाचकारावर नवी मागणी असते. ती आजच्या माणसांची असते आणि तशीच असली पाहिजे. सोळाव्या शतकातल्या जुल्फाच्या कुणा व्यापाऱ्याने आपल्या मृत आईसाठी वाटसरूकडे जे मागितले ते येरेवानमध्ये आज कोरलेल्या प्रतिकृतीतून मागता येत नाही, कारण तो ज्या दफनभूमीतून बोलत होता ती सपाट झाली आहे. आयवाझ्यान यांची छायाचित्रे लेखांचा मजकूर सांभाळतात, आणि एच्मियाद्झिन या आर्मेनियन चर्चच्या पीठस्थानी मोजके मूळ दगड पोचले आहेत. अभ्यासासाठी दोन्ही अमोल आहेत. त्या चर्चचे प्रमुख, कॅथोलिकोस वाझगेन पहिले यांनी १९७७ मध्ये ब्रिटिश म्युझियमला नोरातूसचा एक खाचकार दिला. तो तिथे सुरक्षित आहे, पण त्याची पूर्व दिशा हरवली आहे.

म्हणून लक्ष वळवायला हवे ते सेवान सरोवराजवळच्या नोरातूसकडे. जुल्फा गेल्यावर खाचकारांचा सर्वांत मोठा समूह तिथेच उरला आहे. आठशेहून अधिक शिला, दहाव्या शतकापासून सतराव्यापर्यंतच्या, आणि त्यांत सोळाव्या शतकातल्या कीराम या पाथरवटाची ओळखता येणारी शैली. गेघार्द, हाघपात व सानाहिन हे मठ जागतिक वारसा यादीत असल्याने त्यांच्या आवारातल्या शिलांना ते छत्र मिळते. नोरातूसला ते नाही. अमूर्त वारशाच्या यादीखाली देश अहवाल देतो तो कसबाच्या हस्तांतराविषयी, शागिर्दांविषयी. शेवाळ व हिमाने झिजणाऱ्या अक्षरांविषयी काही कळवण्याचे बंधन त्यात येत नाही. प्रत्येक शिलेची दिशा, नेमकी जागा, शेजारच्या थडग्यांशी असलेला संबंध, दोन्ही बाजूंचा लेख आणि त्यातले वर्ष एकत्र नोंदवणारी यादी, आणि तिच्यासह जागेवरच संरक्षण, हे नोरातूससाठी करणे आज शक्य आहे. जुल्फासाठी १९७० च्या दशकात एका माणसाने आपल्या बळावर जेवढे केले, त्याहून पुष्कळ अधिक.