जुन्या ‘स्प्रे’चा जीर्णोद्धार

श्रोतेहो, घर जुने झाले तरी त्याची जोती-भिंताडे मागे राहतात. होडीचे तसे नाही. वापर थांबला, ती किनाऱ्यावर ओढून ठेवली, की ऊन तिच्या फळ्या तडकवते, सांधे उघडतात, आणि अखेर तिचे लाकूड चुलीत जाते. पण अशीच एक म्हातारी होडी चुलीत जाता जाता वाचली आणि साऱ्या पृथ्वीला वळसा घालून आली. तिची हकिकत आज आपण पाहू.

गोष्ट अमेरिकेतली आहे, 1892 सालची. जोशुआ स्लोकम हा शिडाच्या जहाजांवरचा मुरलेला कप्तान. जन्म 1844 चा, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा. सारी हयात समुद्रावर गेलेली. पण त्याच्या डोळ्यांदेखत आगबोटी आल्या आणि शिडाच्या जहाजांचे दिवस भरले. 1887 साली ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्याचे स्वतःचे जहाजही गेले. आता वय अठ्ठेचाळीस, हाताला काम नाही. अशा वेळी एबेन पियर्स नावाचा जुना ओळखीचा कप्तान त्याला बोस्टनमध्ये भेटला आणि म्हणाला की, तुला एक जहाज देतो, मात्र त्याची थोडी डागडुजी करावी लागेल.

थोडी डागडुजी! स्लोकम फेअरहेवन गावी जाऊन पाहतो तो काय, खाऱ्या पाण्यापासून दूर एका शेतात, टेकू देऊन उभी केलेली, वर कापड पांघरलेली एक जुनाट होडी. नाव ‘स्प्रे’, म्हणजे लाटेचा तुषार. पियर्स या होडीचे करणार तरी काय, हा प्रश्न शेजारीपाजारी सात वर्षे एकमेकांना विचारीत होते म्हणे!

आता पहिला प्रश्न असा की, ही होडी कोणती, कुठली? जकातीच्या कचेरीत तिच्या जन्मस्थानाची नोंद नव्हती. शेजारी थट्टेने म्हणत की ती इसवी सन एकमध्ये बांधलेली असावी. ऐकीव माहिती अशी की, शंभर वर्षांपूर्वी ती डेलावेअरच्या किनाऱ्यावर कालवे काढण्याच्या कामाला होती. कनेक्टिकटमधल्या नोअँक गावी तिचा एक मालक होऊन गेला होता, नंतर ती न्यू बेडफर्डला आली. आणि तिची घडण पाहता ती उत्तर समुद्रातल्या मासेमारी होड्यांच्या जातीची वाटे. म्हणजे कागद मुका असला तरी लोकांच्या आठवणी आणि होडीचे अंग, या दोन गोष्टी थोडेबहुत बोलत होत्या. जुनी वस्तू ओळखायची ती अशीच, नाही का?

स्लोकमने कुऱ्हाड उचलली. लोकांना वाटले, होडी फोडायला निघाला. त्याने सांगितले की, मी ही पुन्हा बांधणार आहे. मग पुढे वर्षभर सगळे एकच विचारीत: हे परवडेल का?

जवळचाच एक भक्कम ओक पाडून त्याने तळाचा कणा केला. बरगड्यांसाठी सरळ, कोवळी झाडे आणली. एक पेटी आणि बंब म्हणून एक भांडे, एवढ्या सामानावर ती वाफवून मऊ केली आणि ओंडक्यावर वाकवून आकार धरीपर्यंत बांधून ठेवली. नाळेचे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचे लाकूड कुरणात वाढलेल्या ओकच्या बुंध्याचे होते. पुढे कीलिंग बेटांपाशी ही नाळ पोवळ्याच्या खडकावर आदळली. खडक दुभंगला, नाळेला ओरखडाही आला नाही. बाहेरच्या फळ्या दीड इंच जाडीच्या, जॉर्जियातल्या पाइनच्या. त्या बसवताना आतल्या कडा इतक्या भिडवल्या की उजेड दिसू नये, आणि बाहेरच्या कडा किंचित उघड्या ठेवल्या. त्या फटीत आधी कापूस ठोकला आणि त्यावर पिंजलेला दोर. आपल्या कोकणातल्या होडी बांधणाऱ्यांना ही कापूस भरण्याची युक्ती काही नवी नाही.

तेरा महिने स्वतःची मेहनत आणि सामानाला 553 डॉलर 62 सेंट, एवढ्यात काम झाले. होडीची लांबी 36 फूट 9 इंच आणि रुंदी 14 फूट 2 इंच होती. मात्र स्लोकमने जुन्याची निव्वळ नक्कल केली नाही. खोल समुद्र डोळ्यांपुढे ठेवून त्याने तिच्या बाजू मध्यावर 12 इंच, पुढे 18 इंच आणि मागे 14 इंच वाढवल्या.

मग विचाराल, आता यात जुनी ‘स्प्रे’ राहिली कुठे? फार योग्य प्रश्न. स्लोकमने त्याचे उत्तर दिले आहे. जहाजांच्या कारभारात लंडनच्या लॉइड्सचा शब्द मोठा, आणि त्यांचा दंडक तो असा सांगतो की, जहाज दुरुस्त होत होत अवघे नवे झाले तरी ते तेच जहाज राहते. ‘स्प्रे’ एकदम मोडून पुन्हा उभारली नव्हती. लाकडामागून लाकूड, फळीमागून फळी बदलत गेली. आपल्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धार होतो, दगड बदलतात, लाकूड बदलते, पण देऊळ बदलले असे आपण कधी म्हणतो का?

24 एप्रिल 1895 रोजी स्लोकम बोस्टनहून निघाला. सोबतीला कोणी नाही, एकटाच. हिंदी महासागरात थर्सडे बेटापासून कीलिंगपर्यंतचे 2,700 मैल त्याने 23 दिवसांत काटले. एवढ्या दिवसांत सुकाणू हाती धरावे लागले अवघे तीन तास! शिडे नीट लावली की होडी आपली आपण वाट धरून चाले. 27 जून 1898 रोजी, 46,000 मैलांवर प्रवास करून, तो न्यूपोर्टला परतला. एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस. परवडेल का, या प्रश्नाला याहून वेगळे उत्तर काय हवे? आपल्याकडच्या कमांडर दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून 2009-10 साली अशी प्रदक्षिणा केली. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

‘स्प्रे’चा शेवट मात्र दुःखाचा. काही वर्षांनी स्लोकम पुन्हा एकटाच तिच्यातून दक्षिणेकडे निघाला आणि परत आला नाही. होडीही गेली. तरीही ती पुरती नाहीशी झाली नाही. 1900 साली निघालेल्या आपल्या पुस्तकाच्या शेवटी त्याने होडीची मापे आणि आराखडे दिले होते. त्यांवरून तिच्यासारख्या होड्या निरनिराळ्या देशांत लोकांनी बांधल्या. जिच्या जन्माची नोंद कुठे नव्हती, तिची ओळख अखेर कागदानेच राखली.

तेव्हा शिक्षकहो, गावात एखादी जुनी होडी, बैलगाडी किंवा मोट मोडकळीला आली असेल, तर ती चुलीत जाण्याआधी मुलांना घेऊन तिच्यापाशी जा. माप घ्या, चित्र काढा, लाकूड कोणते ते विचारा, आणि बांधणाऱ्याचे नाव कुणा म्हाताऱ्याला आठवते का पाहा. सगळ्याच वस्तूंचा जीर्णोद्धार होणार नाही. पण वहीचे एक पान प्रत्येकीच्या वाट्याला यायला काय हरकत आहे?