रासायनिक त्वचानिर्मोचन : गुप्त कृतीपासून मापनापर्यंत

चेहऱ्यास आम्लाचा लेप देऊन त्वचेचे वरचे थर जाळावयाचे, आणि ते गळून पडल्यावर खालून नवी त्वचा येऊ द्यावयाची, या क्रियेस आज 'केमिकल पील' म्हणतात. मराठीत तिला रासायनिक त्वचानिर्मोचन म्हणण्यास हरकत नाही. यासाठी लागणारी तीव्र आम्ले अलीकडे कोणासही घरपोच मिळू लागल्याने, ती घरच्या घरी वापरणे कितपत सुरक्षित आहे, असा प्रश्न उपस्थित झाला आहे. प्रश्न वैद्यकाचा खरा. परंतु या क्रियेचा इतिहास पाहिल्याशिवाय त्याचे समाधानकारक उत्तर देता येणार नाही. कारण वैद्यकीय देखरेखीबाहेर असे प्रयोग होण्याची ही पहिलीच वेळ नव्हे.

या विद्येचा आधुनिक पाया एकोणिसाव्या शतकात घातला गेला. फ्रीडलीब रुंगे याने १८३४ मध्ये दगडी कोळशाच्या डांबरापासून कार्बॉलिक आम्ल, म्हणजेच फिनॉल, वेगळे केले. १८७१ मध्ये टिल्बरी फॉक्स या इंग्रज त्वचारोगतज्ज्ञाने त्वचेचा रंग उजळविण्यासाठी त्याचा वापर केला. हॅम्बुर्गच्या उन्ना याने १८८२ मध्ये सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल, फिनॉल व ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल यांच्या त्वचेवरील क्रियेचे वर्णन केले. न्यूयॉर्कचे मॅकी हे १९०३ पासून मुरुमांच्या व्रणांवर फिनॉल वापरीत होते. मात्र त्यांचा याविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला तो १९५२ मध्ये. जवळजवळ अर्धशतकाचा हा विलंब ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

मधल्या काळात ही क्रिया वैद्यकाबाहेरील मंडळींच्या हाती गेली. लॉस एंजलीस व पुढे मायामी येथे वैद्यकीय शिक्षण नसलेले व्यावसायिक श्रीमंत गिऱ्हाइकांचे चेहरे सोलून देत असत. त्यांची कृती गुप्त असे. तिच्यातील मुख्य द्रव्ये दोन : फिनॉल आणि क्रोटन तेल. हे क्रोटन तेल म्हणजे आपल्याकडे तीव्र रेचक म्हणून परिचित असलेल्या जमालगोट्याच्या बियांचे तेल होय. त्वचेस लागताच ते दाह उत्पन्न करते. कृती गुप्त असल्यामुळे अपयशांची नोंद एकत्र होत नसे आणि एकाच्या चुकीपासून दुसऱ्यास शिकता येत नसे.

मायामीचे शल्यविशारद बेकर यांनी १९६१ व १९६२ मध्ये आपली कृती प्रसिद्ध केली, तेव्हा ही कोंडी फुटली. परंतु प्रसिद्धी म्हणजे ज्ञान नव्हे. त्या कृतीत क्रोटन तेलाचे माप 'तीन थेंब' एवढेच होते. खरे कार्य फिनॉल करते, आणि ते जितके सौम्य तितके खोल जाते, अशी समजूत त्या काळी रूढ झाली. ती पुढे सुमारे चाळीस वर्षे टिकली. २००० मध्ये ग्रेगरी हेटर यांनी आपल्या लेखमालेत दाखवून दिले की, क्रोटन तेलाच्या प्रमाणात अल्पसा फरक पडला तरी दाहाची खोली व जखम भरण्याचा काळ बदलतो. चाळीस वर्षे जे केवळ थेंबांनी मोजले गेले, तेच निर्णायक ठरले. दरम्यान १९७९ मध्ये ट्रुपमन व एलेनबी यांनी दुसरी एक गोष्ट उजेडात आणली होती. फिनॉल त्वचेतून रक्तात शोषले जाते आणि हृदयाच्या ठोक्यांत गंभीर अनियमितता निर्माण करू शकते. तेव्हापासून चेहऱ्याचे भाग पाडून, मध्ये काळ सोडून, हृदयालेखावर लक्ष ठेवीत ही क्रिया करण्याची पद्धत रूढ झाली.

१९७४ मध्ये व्हॅन स्कॉट व यू यांनी अल्फा-हायड्रॉक्सी आम्लांवरील संशोधन प्रसिद्ध केले आणि ग्लायकॉलिक व लॅक्टिक या सौम्य आम्लांचा मार्ग खुला झाला. येथेही केवळ टक्केवारीवरून आम्लाचे बळ ठरत नाही. ग्लायकॉलिक आम्लाचा निम्मा भाग सुमारे ३.८ पीएचला मुक्त असतो. पीएच खाली गेला की तेच दहा टक्के अधिक प्रखर होतात. म्हणूनच १९९८ मध्ये अमेरिकेतील सौंदर्यप्रसाधन-घटक परीक्षण मंडळाने सामान्य वापरासाठी दोन्ही मर्यादा घातल्या : प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक नसावे व पीएच ३.५ हून कमी नसावा. शिवाय उन्हापासून संरक्षण व्हावे. ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाची गोष्ट याहून वेगळी आहे. ते त्वचेतील प्रथिने गोठविते आणि त्वचेवर पांढरी झाक येते. ही झाक किती दाट आहे, यावरून वैद्य खोली ताडतो. एकदा ती आली की पाणी ओतून झालेला परिणाम मागे घेता येत नाही. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशी तीव्र द्रव्ये वैद्यकीय देखरेखीवाचून वापरू नयेत, असा इशारा दिला, तो याच कारणास्तव.

आपल्या दृष्टीने आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. हे बहुतेक अनुभवज्ञान गोऱ्या त्वचेवरून मिळालेले आहे. फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये केलेल्या त्वचेच्या वर्गीकरणातही आरंभी गौर त्वचेचेच चार प्रकार होते. गव्हाळ-सावळ्या व काळ्या त्वचेचे प्रकार मागाहून जोडले गेले. सावळ्या त्वचेस दाह झाल्यास त्या जागी काळे डाग पडण्याचा संभव अधिक असतो आणि ते महिनोन् महिने टिकतात. ज्या डागांसाठी आम्ल लावावे, तेच अधिक गडद व्हावेत, असा हा विपर्यास आहे.

या इतिहासावरून एवढे निश्चित म्हणता येते की, सुरक्षितता आम्लाच्या नावात नसते. ती प्रमाण, पीएच, काळ व त्वचेचा प्रकार यांच्या मापनात आणि झालेला परिणाम ओळखून वेळीच थांबविणाऱ्या प्रशिक्षित दृष्टीत असते. मर्यादेतील सौम्य लेप घरी वापरणे आणि तीव्र आम्लाची बाटली आरशासमोर उघडणे, या दोन भिन्न गोष्टी होत. दुसरीत मनुष्य पुन्हा त्या गुप्त कृतीच्या काळात जातो. तेव्हा द्रव्य ठाऊक नसे. आता द्रव्याचे नाव बाटलीवर छापलेले असते, पण ते आपल्या त्वचेत किती खोल जात आहे, हे पाहणारे कोणी नसते.