कलकत्त्याचे महेशचंद्र आणि बुद्धिबळांतील ‘इंडियन’ बचाव

बुद्धिबळाच्या सामन्यांचीं वृत्तें आवडीनें वाचणाऱ्यांस ‘किंग्ज इंडियन’ आणि ‘ग्रुनफेल्ड’ हीं नांवें परिचित असतील. जगज्जेतेपदाच्या सामन्यांत मानानें खेळले जाणारे हे बचाव एकोणिसाव्या शतकांतील युरोपास विक्षिप्त वाटत. त्यांचा माग काढीत गेल्यास आपण कलकत्त्यास येऊन पोंचतों.

तेथें जॉन कॉक्रेन नांवाचे स्कॉटिश बॅरिस्टर होते. लंडनमध्यें स्टॉन्टनसारख्यांशीं झुंजलेले हे गृहस्थ कलकत्त्यांत अजिंक्यच होते. सन १८४८ मध्यें तेथील मंडळाच्या एका सभासदास मुफसलांत वार्ता लागली कीं, महेशचंद्र बॅनर्जी नांवाचा ब्राह्मण आजवर कोणाकडूनहि हरलेला नाहीं. सभासद स्वतःच त्यांच्याकडून हरले आणि त्यांना घेऊन शहरांत आले. पुढें वर्षानुवर्षें या दोघांचे डाव चालले.

महेशचंद्रांचा हात देशी रीतीवर बसलेला होता. त्या रीतींत प्यादें आरंभीं एकच घर चालतें. राजाला किल्लेकोट नाहीं, परंतु शह बसण्यापूर्वीं त्यास एकदां घोड्याची उडी घेतां येते. अशा खेळांत पटाचा मध्य घाईनें बळकावतां येत नाहीं. घोड्यापुढील प्यादें एक घर सारून उंटास कोपऱ्याच्या कर्णावर बसविणें आणि शत्रूचा मध्य दुरून पोखरणें, हें अशा खेळाडूस सहज सुचावें. युरोपीय नियम शिकल्यावरहि महेशचंद्रांनीं ही संवय टाकली नाहीं, यांतच मला त्यांचें मोठेपण दिसतें. त्याच नियमांचा परिचय करून देणारा त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा ग्रंथ मुंबईंत १८१४ सालींच छापला गेला होता, हेंहि येथें सांगण्यासारखें आहे.

सन १८५५ च्या एका डावांत महेशचंद्रांनीं, आज ग्रुनफेल्ड म्हणतात तो बचाव पहिल्या तीन खेळींत जसाच्या तसा मांडला. डाव मात्र कॉक्रेननीं जिंकला. अठराव्या खेळीस काळ्या घोड्यानें पांढऱ्या वजिरावर रोख धरला, आणि तीन खेळींची मात उघडी पडली: प्रथम घोडा व वजीर यांचा दुहेरी शह, राजा कोपऱ्यांत जातांच वजिराचें बलिदान, तो वजीर काळ्या हत्तीनें मारला कीं स्वतःच्याच मोहऱ्यांनीं कोंडलेल्या राजास घोड्याची मात! उत्तर चुकलें तरी रीतीस गुण द्यावे, असा आम्हां मास्तरांचा प्रघात आहे. बुद्धिबळाच्या बखरींत तसे गुण क्वचितच मिळतात. १९२२ सालीं व्हिएन्ना येथें अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनीं याच मांडणीनें आलेखिनला हरविलें, आणि नांव त्यांचें लागलें. महेशचंद्रांच्या वांट्यास केवळ ‘इंडियन’ हें निनांवी विशेषण आलें.

कॉक्रेन यांचें दैव थोडें बरें. १८४८ मध्यें महेशचंद्रांविरुद्ध त्यांनीं चौथ्याच खेळीस दोन प्याद्यांच्या मोबदल्यांत घोडा देऊन काळ्या राजास उघड्यावर ओढलें होतें. त्या साहसास ‘कॉक्रेन गॅम्बिट’ म्हणतात. पंडितांनीं त्यास असमंजस ठरविलें. तरीहि १९९९ सालीं लिनारेस येथें टोपालोव्ह यांनीं तीच खेळी क्रामनिक यांच्यापुढें ठेवली आणि डाव बरोबरींत सोडविला.