तिसरा माणूस

परवा माहूरच्या आमच्या शाळेत एका मुलाने दोन चित्रे माझ्यापुढे ठेवली. दोन्ही बोइंग ७४७ विमानांचीच. पण एकीत विमान चालवणारे तिघे, तर दुसरीत दोघेच! “गुरुजी, तिसरा कुठे गेला?” त्याने विचारले.

एअर इंडियाचे पहिले जम्बो ‘सम्राट अशोक’ १९७१ साली मुंबईस आले. अशा विमानात दोघा वैमानिकांच्या मागे उड्डाण-अभियंता बसे. इंजिने, इंधन, वीज, हवेचा दाब या साऱ्यांवर त्याची नजर. दिवे, काटे नि बटने मिळून संख्या ९७१! १९९३ साली एअर इंडियाकडे ७४७-४०० आले. नाव तेच, पण ती संख्या ३६५ वर उतरली. काट्यांच्या जागी सहा पडदे आले आणि अभियंत्याचे काम गणकयंत्रांनी उचलले.

मग मी त्याला १ जानेवारी १९७८ ची रात्र सांगितली. दुबईला निघालेले ‘सम्राट अशोक’ मुंबई सोडताच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. विमानाचा कल दाखवणारे, कप्तानापुढचे उपकरण चुकले होते. त्यावर विसंबू नका, असे अभियंत्याने बजावलेही. पण वेळ उरला नव्हता. २१३ जीव गेले.

“बाळ,” मी म्हणालो, “माणूस गेला, पण बजावण्याचे काम गेले नाही. आता ते पडदा करतो, आणि पडदा चुकला तर शेजारच्याने करायचे. गडाच्या पायऱ्या धुक्यात चढताना आपण एकमेकांना हाका मारतोच ना?”