उतारावरची भिंत

लोहारद्याला आमच्या घरामागची बाग उतारावर आहे. वडिलांनी तिचे टप्पे पाडले होते आणि प्रत्येक टप्प्याला काळ्या दगडांची, कोरड्या रचणीची कंबरेएवढी भिंत घातली होती. इकडे तिला पुश्ता म्हणतात, घरात आम्हीही तेच म्हणतो. पुण्याचा पाहुणा आला की मात्र ‘संरक्षक भिंत’ म्हणायचे. मग तोच विचारतो, कोणापासून संरक्षण?

बाग सपाट व्हावी म्हणून मी दोन पुश्ते काढून त्यांच्या जागी सिमेंटची एकच पुरुषभर उंच भिंत उठवली. पहिल्या पावसाळ्यात तिला तडा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात एका रात्री ती मातीसकट खाली आली आणि वडिलांच्या हातचे सीताफळ तिच्याखाली गाडले गेले. सकाळ-संध्याकाळ आई तिथेच उभी राहून झाडांना पाणी घालीत असे. तो विचार मनातून अजून जात नाही.

पडलेली भिंत पाहायला म्हातारा मिस्त्री आला. तो म्हणाला, “भाऊसाब, दीवार को मिट्टी नहीं गिराती, पानी गिराता है।” आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, आणि पावसात पाणी पिऊन फुगते. मी भिंतीत पाण्याला एकही वाट ठेवली नव्हती.

त्या हिवाळ्यात महेश्वरला गेलो तेव्हा प्रथमच देवळे सोडून घाटाकडे पाहिले. मल्हारराव 1766 मध्ये गेले, मालेरावही वर्षभरात गेले, आणि 1767 मध्ये कारभार हाती घेतलेल्या अहिल्याबाईंनी महेश्वरला राजधानी केली. किल्ला उंच काठावर, खाली नर्मदा. घाट म्हणजे स्नानाच्या पायऱ्या, एवढेच आपण समजतो. पण खाली उभे राहून वर पाहा: तो नदीचा काठ धरून ठेवणारा भला मोठा पुश्ताच आहे. प्रत्येक पायरी वरच्या पायरीचा पाय अडवते, आणि सगळी रचना उभी न राहता मागे, काठावर रेलते. पुरात खालच्या पायऱ्या बुडतात, पुन्हा उघड्या पडतात.

नेमकी त्याच काळातली एक गोष्ट फ्रान्समध्ये घडली. कुलोम हा लष्करी अभियंता कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर किल्ला बांधून परतला आणि 1773 मध्ये त्याने पॅरिसच्या अकादमीपुढे मातीच्या दाबावर निबंध वाचला. तो 1776 मध्ये छापला गेला. त्या हिशेबाने भिंतीची उंची दुप्पट केली की मातीचा एकूण रेटा चौपट होतो, आणि तळाशी तो सर्वांत जास्त असतो. पाणी तुंबले तर त्याचा भार वेगळा. म्हणजे पुरेसे अंतर सोडून बांधलेल्या दोन बुटक्या भिंतींवर मिळून जेवढा रेटा येतो, त्याच्या दुप्पट मी एकीवर घेतला होता! महेश्वरच्या पाथरवटांनी कुलोमचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही. माझ्या वडिलांनीही नव्हते. शाळेत हे गणित शिकलेला घरात मी एकटाच.

अहिल्याबाई 13 ऑगस्ट 1795 ला गेल्या. होळकरांच्या चाकरीसाठी दक्षिणेतून आलेल्या कितीतरी घराण्यांची मुळे मग इथेच रुजली. त्यांची मराठी आज निम्मी हिंदी झाली आहे, याबद्दल हळहळणारे पुष्कळ भेटतात. पुश्ता हा शब्द मात्र मला परका वाटत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच मिस्त्रीने पुन्हा दोन पुश्ते रचले. पाया मुरमापर्यंत खोल, रचणी फुटाला दोन इंच आत कलती, मध्ये मध्ये मागच्या भरावात शिरणारे लांब दगड, आणि पाठीमागे काळ्या मातीऐवजी वीतभर खडी. चुना-सिमेंट काही नाही. आषाढात पहिली झड लागली तेव्हा छत्री घेऊन मी मागे गेलो. दगडांच्या सांधीसांधीतून गढूळ पाणी वाहत होते. तासाभराने ते निवळले. आईने खिडकीतून विचारले, “काय रे, आहे का उभी?”