कोपरगावच्या कॉलेजचं मूळ साताऱ्यात. पोरांच्या घामावर उभं राहिलेलं शिवाजी कॉलेज आता विद्यापीठाचा भाग

शिर्डी : बारावीचा निकाल लागला की शिर्डी, राहाता, पुणतांबा भागातली बरीच पोरं-पोरी कोपरगावला एसएसजीएम कॉलेजला फॉर्म भरतात. १९६५ सालचं हे कॉलेज. पूर्ण नाव एका दमात म्हणता येत नाही : श्री सद्गुरू गंगागीर महाराज विज्ञान, गौतम कला आणि संजीवनी वाणिज्य महाविद्यालय. सराला बेटाचे गंगागीर महाराज आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहेत. पण कॉलेजच्या बोर्डावर वडाच्या झाडाचं चिन्ह असतं, ते कुठून आलं हे फार जणांना माहीत नसतं. ते रयत शिक्षण संस्थेचं चिन्ह. श्रीरामपूरचं बोरावके कॉलेज, कर्जतचं दादा पाटील महाविद्यालय, नगरचं राधाबाई काळे महिला महाविद्यालय, ही सगळी त्याच वडाच्या पारंब्या. या वडाला कॉलेजची पहिली फांदी फुटली ती साताऱ्यात, १९४७ साली. त्या कॉलेजचं नाव छत्रपती शिवाजी कॉलेज.

रयतची सुरुवात मात्र त्याच्या बरीच आधीची. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूरजवळच्या कुंभोजचा. ओगल्यांच्या काच कारखान्याचा आणि किर्लोस्करांच्या नांगराचा माल विकत ते गावोगाव फिरले, आणि खेड्यात शाळा नाही म्हणजे नेमकं काय होतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले या गावात संस्था निघाली. १९२४ ला ती साताऱ्याला आली, तिथं बोर्डिंग सुरू झालं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची. आज हे वाचायला सोपं वाटतं. ज्या काळात गावात पाणवठे वेगळे होते, त्या काळात हे करणं म्हणजे अर्ध्या गावाशी वैर घेणं होतं. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या बोर्डिंगला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

बोर्डिंगचा खर्च कसा चालायचा? घरोघर बायका दळणाच्या वेळी एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवायच्या, त्याला मुष्टिफंड म्हणत. ते धान्य बोर्डिंगला जायचं. तेही पुरेना तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. पोरं उपाशी राहू नयेत एवढंच त्यांचं म्हणणं. लक्ष्मीबाई १९३० मध्ये गेल्या, कॉलेज त्यांना पाहायला मिळालं नाही.

कॉलेज काढताना कर्मवीरांनी बोर्डिंगचाच नियम पुढं नेला. ज्याच्याकडे फीचे पैसे नाहीत त्यानं श्रम द्यायचे आणि शिकायचं. शेतात राबायचं, खडी फोडायची, बांधकामाला हात लावायचा आणि मग वर्गात बसायचं. 'कमवा आणि शिका' म्हणतात ते हेच. यात एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. हे गरिबांवर उपकार म्हणून दिलेलं काम नव्हतं. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचं ब्रीदच होतं, आणि हातात फावडं घेणं यात कमीपणा नाही हे मनावर बिंबवणं हाही शिक्षणाचाच भाग मानला जात होता. शेतकऱ्याच्या पोराला काम नवं नव्हतंच. नवं होतं ते हे, की त्या कामाची किंमत कॉलेज मोजत होतं.

नावाची एक गोष्ट साताऱ्याकडं अजून सांगतात. कॉलेजला मोठी देणगी देतो, पण नाव बदला, असं कुणी म्हणालं. कर्मवीरांनी पैसा नाकारला, शिवाजी महाराजांचं नाव काढलं नाही.

पुढच्याच वर्षी मोठं संकट आलं. १९४८ साली गांधीजींची हत्या झाली. कर्मवीरांनी त्यांच्या स्मरणार्थ शंभरावर हायस्कुलं काढायचा संकल्प सोडला. पण सरकारवर टीका केल्याच्या रागातून रयतचं अनुदान बंद झालं. बाळासाहेब खेर तेव्हा मुख्यमंत्री. शिक्षकांचे पगार थकले, तरी शाळा लोकांच्या मदतीवर चालू राहिल्या. शेवटी गाडगेबाबा खेरांकडे गेले, त्यांच्या शब्दावर अनुदान सुरू झालं. १९५४ मध्ये कराडला रयतचं दुसरं कॉलेज निघालं, त्याला नाव दिलं सद्गुरू गाडगे महाराज. ज्या माणसानं आयुष्यात शाळेची पायरी चढली नाही, त्याचं नाव कॉलेजला, आणि तेही तो हयात असताना!

कर्मवीर ९ मे १९५९ रोजी गेले. बोर्डिंगचं एक फळ म्हणून बॅरिस्टर पी. जी. पाटील यांचं नाव घेतलं जातं. त्याच बोर्डिंगात शिकलेले, विलायतेला जाऊन आलेले, पुढं शिवाजी कॉलेजचे प्राचार्य आणि नंतर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

या कॉलेजनं विद्यापीठं किती बदलली ते पाहा. सुरू झालं तेव्हा मुंबई विद्यापीठ, १९४९ ला पुणे विद्यापीठ निघाल्यावर पुणे, १९६२ ला कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. आणि २०२१ साली सरकारनं साताऱ्यातच कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ मंजूर केलं. हे समूह विद्यापीठ आहे. म्हणजे शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय या रयतच्याच तीन कॉलेजांचं मिळून एक विद्यापीठ. अभ्यासक्रम त्यांचा, परीक्षा त्यांची, पदवीही त्यांचीच. फीच्या ऐवजी घाम घेणारं कॉलेज आता स्वतःच्या पदव्या देतंय.

आता आपल्याकडचं. शिर्डीत हॉटेलात, लॉजवर, हार-प्रसादाच्या दुकानात काम करून शिकणारी पोरं थोडी नाहीत. रात्रपाळी करून सकाळच्या तासाला डुलक्या घेणारी पोरंही आहेत. ती कमवतात आणि शिकतातही, पण त्यांच्या कामाचा आणि कॉलेजचा काडीचा संबंध नसतो. हजेरी कमी पडली की नुकसान त्यांचंच. साताऱ्यात काम आणि वर्ग एकाच आवारात होते, म्हणून ते जमलं.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कर्मवीरांच्याच नावाची कमवा व शिका योजना आहे, आणि नगर जिल्ह्यातली कॉलेजं याच विद्यापीठात येतात. तासावर मोबदला मिळतो, काम कॉलेजातच असतं : ग्रंथालय, प्रयोगशाळा, बाग, ऑफिस. आता काम म्हणजे नुसत्या फायली लावणं एवढंच राहिलं तर कर्मवीरांना ते पटलं नसतं, पण पोराच्या बस पासचे आणि वह्या-पुस्तकांचे पैसे सुटतात हेही खरं. प्रवेश घेताना विद्यार्थी विकास अधिकारी कोण आहेत ते कॉलेजात विचारावं आणि या योजनेचा अर्ज त्यांच्याकडं मागावा. जागा मोजक्याच असतात, त्यामुळं सत्राच्या सुरुवातीलाच विचारलेलं बरं.