आमचे बंडखोर खापरपणजोबा

आमचे खापरपणजोबा बंडात होते, हे इंदापूरची आत्या दर लग्नात सांगते. बंड म्हणजे १२ मे १८७५ रोजी, भर बाजारच्या दिवशी, सुप्यात झालेलं. सुपं आज बारामती तालुक्यात, तेव्हा भीमथडीत. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाचा भाव कोसळला होता. त्यात इंदापुराकडे १८६७ साली सरकारने साराही वाढवलेला. कुणब्यांनी सावकारांची घरं गाठली, खतं-वह्या बाहेर काढल्या आणि जाळल्या. हे लोण पसरलं, ९५१ जणांना अटक झाली, ५०१ जणांना शिक्षा. पुढे १८७९ साली कायदा आला : खत लिहायचं ते सरकारी निबंधकापुढेच. म्हणजे कागद जाळून कागद वाढले! बँकेत वीस वर्षं व्हाउचरं लावणाऱ्या मला हे चांगलं कळतं.

तर त्या ५०१ जणांत आपला एक असावा, म्हणून मी रजा टाकली. कचेरीतले जुने फेरफार पणजोबांपाशी थांबले. त्यामागे जायचं तर खापरपणजोबांचं कर्जखत हवं. आणि आत्याचं खरं मानलं, तर तेच त्यांनी जाळलेलं.

आत्या म्हणाली, "हाच पुरावा की रे!" आणि खुशीत येऊन तिने माळ्यावरून त्यांची एकुलती एक वस्तू काढून दिली. पितळी कलमदान. आत वाळलेली शाई.

ज्या काळात कुणबी खतावर नांगराची निशाणी करायचा, त्या काळात खत लिहायचा तो सावकाराचा दिवाणजी.

आत्याला मी काही बोललो नाही. पुढच्या महिन्यात तिच्या नातवाचं लग्न आहे.